ताक्साची नऊ घरं

याकच्या पाठीवर दार होतं.

मी तंबूबाहेर दाढी करत होतो. आरशात आधी ते दार दिसलं, म्हणून मागं वळून पाहिलं. दोन जाड फळ्यांचं, धुरानं काळं पडलेलं, कडी-कोयंड्यासकट घराचं दार याकवर दोरानं आवळून बांधलेलं, आणि याक अगदी निवांत. पुढे एक बाई चालत होती. पस्तिशीची असेल. गाल उन्हानं फुटलेले, पाठीवर मेंढीचं कातडं, आणि लोकरी बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"नक्शावाले साहेब तुम्हीच का?" तिनं हिंदीत विचारलं. रस्त्याच्या कामावर खडी फोडता फोडता शिकलेली हिंदी. मोडकी, पण ठणठणीत.

"मीच. का?"

"मग हे बघा." तिनं दोर सोडले, दार खाली घेतलं आणि माझ्या तंबूशेजारच्या दगडाला टेकवून उभं केलं. "हे माझ्या घराचं दार."

माझी अर्धी दाढी साबणात. मी हसलो. काय करणार? अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि सकाळी सकाळी कुणी आपलं दार घेऊन भेटायला आलं तर काय बोलायचं हे खात्यानं शिकवलं नव्हतं.

ही एक्क्याऐंशीच्या ऑगस्टमधली गोष्ट. मी मूळचा मेढ्याचा, जावळीतला. नकाशे करणाऱ्या सरकारी खात्यात सर्वेक्षक होतो आणि लडाखच्या पार पूर्वेला सोल्मा त्सोवर, म्हणजे सोल्मा तळ्यावर, अडीच महिने तंबू ठोकून होतो. विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशाचा कच्चा कागद आधीच झालेला असायचा. आम्ही पायी हिंडून तो पडताळायचा. गावाचं नाव काय, घरं किती, वस्ती कायमची, हंगामी की ओसाड. ओसाड असली तर नावापुढे कंसात तसं लिहायचं. कामाला दोन खलाशी (आमच्या खात्यात सामान वाहणाऱ्या गड्यांना खलाशीच म्हणतात), खायला डाळ-भात, आणि बोलायला कुणी नाही.

तळं खारं होतं. त्यात होडी घालायची नाही असा तिथला रिवाज, पाण्याला ते आवडत नाही म्हणे. त्यामुळे समोरचा काठ पाण्यावरून सहा किलोमीटर असला तरी काठाकाठानं चालत दीड दिवस लागायचा. दक्षिणेला खार्पो नावाचं गाव, अकरा घरं आणि एक छोटा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. तिथं माझा मुक्काम. उत्तरेला ताक्सा. ताक्सा मी थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून पाहून ठेवलं होतं. नऊ घरांच्या नुसत्या भिंती. छप्पर नाही, दार नाही, धूर नाही. कच्च्या वहीत 'नऊ घरं, पडकी' अशी नोंद करून मी मोकळा झालो होतो. तेवढीच तीन दिवसांची पायपीट वाचली.

बाईचा आवाज ऐकून नोर्फेल आला. नोर्फेल हा खार्पोचा गोबा, म्हणजे गावचा मुखिया. पन्नाशीचा, मिश्कील माणूस. मी त्याला आचो म्हणायचो. तिकडं थोरल्या भावाला आचो म्हणतात.

"ही यांगडोल, साहेब," तो म्हणाला. "ताक्साची. माझ्या बायकोची मावसबहीण. वरच्या कुरणातून साडेतीन दिवस चालत आलीय, आधी चहा तरी विचारा."

"ताक्साची? ताक्सात माणसं आहेत?"

यांगडोलनं नोर्फेलकडं असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"मी म्हटलं होतं ना तुला," ती त्याला म्हणाली. "हे लोक भिंती बघणार आणि जाणार."

मग नोर्फेलनं मला समजावून सांगितलं. "साहेब, इथं तुम्हाला एक तरी झाड दिसलं का? छपराचा एक वासा आणायचा तर आठ दिवस लागतात. आमच्याकडं गोम्पामुळं लाकूड साठलंय, ताक्सावाल्यांकडं एकेका घराला एकच संच. जूनमध्ये ते वर कुरणात जातात, दोन दिवसांची वाट आहे. जाताना वासे काढायचे, दार काढायचं, याकवर घालायचं, आणि वरच्या भिंतींवर नेऊन चढवायचं. ऑक्टोबरात तेच लाकूड परत खाली. त्यांच्या बापजाद्यांपासून असंच चाललंय."

"आणि तुम्ही म्हणाल पडकं गाव," यांगडोल म्हणाली. "म्हणून दार आणलं. बघा, कडी घासून घासून चकचकीत झालीय. पडक्या घराची कडी अशी असते का?"

खरंच चकचकीत होती. मी हात लावून पाहिली.

"पण नकाशावर काय लिहिलंय यानं तुमचं काय बिघडतं?" मी विचारलं.

हा प्रश्न मी सहज विचारला, पण तिचा चेहराच बदलला. ती खाली बसली. मग तिनं सांगितलं ते असं: ताक्साच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी, गवताचा एक पट्टा आहे. तिथं ऊन लागतं आणि बर्फ टिकत नाही. सगळा हिवाळा ताक्साची जनावरं त्या गवतावर जगतात. गेल्या हिवाळ्यात खालून एक कारकून आला होता. तो सांगून गेला की नवा नकाशा होतोय, त्यात ताक्सा ओसाड निघालं तर तो पट्टा बेवारस धरणार आणि दुसऱ्याला देऊन टाकणार.

"ते गवत गेलं की आम्ही गेलो, साहेब," ती म्हणाली. "दुसरं काही नाही आमच्याकडं."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मनापासून वाटलं. पण मी नवा होतो, आणि नव्या माणसाला नियमाचा माज असतो. आमचे वरिष्ठ कामतसाहेब. ते म्हणायचे, ऐकीव गोष्ट कागदावर आली की तो नकाशा राहत नाही. मी ते वाक्य अंगात भिनवून घेतलं होतं.

"हे बघा बाई," मी म्हणालो, "मी ऐकून लिहीत नाही. पाहून लिहितो. छप्पर, दार आणि पेटलेली चूल. ह्या तीन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या की लिहितो, वस्ती आहे."

"चूल वर आहे. विस्तवही वर नेतो आम्ही. चला ना वर, दाखवते."

"वरचं ते हंगामी झालं. मला गाव बघायला हवं. गावात."

"म्हणजे आम्ही खाली यायचं?"

"या की."

"सगळी नऊ घरं? आत्ता, उन्हाळ्यात?"

"एकाच घरावर छप्पर असलं तर मी एकच घर लिहीन," मी म्हणालो. केवढा तो करारीपणा! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

नोर्फेल काही बोलणार होता. यांगडोलनं त्याला हातानं थांबवलं आणि बोटांवर मोजायला लागली. वर जायला किती, सगळ्यांना तयार करायला किती, खाली यायला किती, वासे चढवायला किती.

"आजपासून दहाव्या दिवशी," ती म्हणाली. "त्या दिवशी नऊ चुली पेटलेल्या असतील. तुम्ही याल?"

"येईन."

"नक्की?"

"अहो, येईन म्हटलं ना."

तिनं झोळीतून आपली लाकडी वाटी काढली. तिकडं ज्याची त्याची वाटी ज्याच्या त्याच्याजवळ असते. नोर्फेलच्या बायकोनं लोण्याचा चहा आणला होता, तो तिनं वाटीत घेतला, अर्धा स्वतः प्याली आणि उरलेला माझ्यापुढे धरला. मी प्यालो. खारट होता, पण आता सवय झाली होती.

"संपलं, साहेब," नोर्फेल हसत म्हणाला. "तिच्या वाटीतून प्यालात. आता ताप आला तरी जावं लागणार."

यांगडोल पहिल्यांदा हसली. तिनं दार परत याकवर चढवलं, मीही हात दिला. चांगलंच जड होतं. ती वळणापर्यंत दिसत होती.

ती गेल्यावर नोर्फेल म्हणाला, "साहेब, एक सांगू? उन्हाळ्यात त्या गवतावर कुणाची एक बकरी गेली तरी ताक्सात भांडण होतं. ते हिवाळ्यासाठी राखलेलं असतं. नऊ घरं खाली येणार म्हणजे जनावरं येणार. एकेका घरात तीन-चार माणसं, जनावरं वर कुणाच्या भरवशावर टाकणार? लांडगे आहेत. दोन हजार तोंडं आहेत ती."

"मग?"

"मग काही नाही. एक दिवस खातील, तेवढं चालतं. फक्त तुम्ही वेळेवर जा."

"जातो हो, आचो."

आणि मी जाणारच होतो. हे मी आजवर स्वतःला हजारदा सांगितलंय.

पण मधले दिवस मोठे वाईट गेले. काम संपत आलं होतं. वारा दुपारी सुरू व्हायचा तो अंधार पडेपर्यंत तंबू फडफडवत राहायचा. नाकातून रक्त, ओठांना चिरा, सत्तर दिवसांत अंघोळी चार. घरून पत्र आलं होतं की गणपती दोन सप्टेंबरला आहेत, ये. आईनं लिहिलं होतं की तुझ्या वाटणीचे मोदक तूच येऊन खा. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

आठव्या दिवशी ट्रक आला. यायचा होता पंधराव्या दिवशी. ड्रायव्हर सुच्चा सिंग नावाचा गडी, खाली उतरायच्या आधीच ओरडला, "साहेब, सामान बांधा! रस्ता खचतोय. आत्ता निघालो तर निघालो. पुढची गाडी कधी, ते मला विचारू नका."

माझ्या खलाशांनी तंबूचे खुंटे उपटायला सुरुवातसुद्धा केली. मी त्यांना थांबवलं नाही.

इथं मला सोपं आहे म्हणायला, की रस्ता बंद होणार होता, नाइलाज झाला. तसं नव्हतं. खार्पोत मी आरामात महिना काढू शकलो असतो, नोर्फेलनं ठेवून घेतलं असतं. भीती नव्हती, आजार नव्हता. मला कंटाळा आला होता. त्या तळ्याचा, त्या वाऱ्याचा, त्या चहाचा. खरं कारण एवढंच आहे, आणि ते इतकं क्षुल्लक आहे की चाळीस वर्षांत मी ते कुणाला सांगू शकलो नाही.

नोर्फेल आला. बांधलेलं सामान पाहिलं.

"साहेब, ताक्सा?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर तयारच होतं. "अहो, जातोय ना! ट्रक उत्तरेच्या फाट्यावरूनच जातो. उद्या सकाळी तिथं उतरतो. नदी ओलांडली की पाच तासांत ताक्सा. सामान पुढं जाईल, मी काम उरकून दुसऱ्या वाटेनं खाली जाईन. काठानं दीड दिवस चालण्यापेक्षा हे बरं."

त्याचा चेहरा खुलला. "हां, हे चांगलं. मी उगाच निरोप्या पाठवणार होतो. पण नदी सकाळीच ओलांडा बरं का. दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि पाणी छातीपर्यंत येतं. गेल्या वर्षी एक घोडा वाहून गेला."

त्यानं मला सातूचं पीठ बांधून दिलं, सुकं चीज दिलं. त्याच्या बायकोनं गळ्यात पांढरं वस्त्र घातलं. सगळं गाव ट्रकपर्यंत आलं. एवढा मान मला आयुष्यात कुठं मिळाला नाही.

बरं, मी नोर्फेलला फसवायचं ठरवून बोललो का? नाही हो. बोलताना मलाही पटलं होतं. वाटेत पंक्चर झालं, रात्र रस्त्यावर गेली आणि फाट्यावर आम्ही दुसऱ्या दिवशी बारा वाजता पोहोचलो. सुच्चा सिंगनं ब्रेक मारला.

"साहेब, उतरणार म्हणत होता ना?"

मी खिडकीतून पाहिलं. डावीकडं नदी. पाणी मातकट, चांगलं चढलेलं. पलीकडं तळ्याचं उत्तरेचं टोक निळं चमकत होतं. आणि त्यामागच्या डोंगरावर, वरून खाली येणाऱ्या वाटेवर, धुळीचा एक लांब पट्टा होता. दिवस नववा होता.

"आंधी येतेय की काय," सुच्चा सिंग म्हणाला.

"आंधीच असणार," मी म्हणालो.

ती आंधी नव्हती हे मला कळत होतं. आंधी वाटेवरून चालत येत नाही.

"पाणी फार आहे," मागून एक खलाशी म्हणाला. "सकाळपर्यंत थांबावं लागेल साहेबांना."

खरं होतं. तंबू होता, पीठ होतं, चीज होतं. एक रात्र थांबायचं, सकाळी पाणी उतरलं की जायचं. कुणी काही मोठं मागत नव्हतं. सुच्चा सिंगनं इंजिन बंद केलं नव्हतं. त्याचं एक बोट स्टीअरिंगवर टकटक वाजत होतं.

"चल पुढं," मी म्हणालो.

दोन सप्टेंबरला मी मेढ्यात होतो. मोदक खाल्ले. आई म्हणाली, किती वाळलास रे.

महिन्याभरानं कचेरीत कामतसाहेबांनी कागद पुढे ओढला. ताक्सावर मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वस्ती आहे, नऊ घरं.' तेवढी दानत दाखवली होती.

"हे पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"तिथल्या एक बाई सांगत होत्या..."

"मी विचारलं, पाहिलंस?"

"नाही."

"मग तू काय पाहिलंस?"

"भिंती. दुर्बिणीतून. छप्पर नव्हतं."

"मग जे पाहिलंस ते लिही. असं काय करतोस, मानकुमरे? तुला शिकवायला पाहिजे का हे?"

सांगता आलं असतं. छपराचं, लाकडाचं, गवताचं सगळं सांगता आलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं की गेला का नाहीस, दोन दिवसांचं तर काम. मी खोडरबर घेतलं. नाव ठेवलं, आकडा पुसला आणि कंसात 'ओसाड' लिहिलं. कामतसाहेबांनी सही केली.

मग अकरा वर्षं गेली. लग्न झालं, मुलं झाली, मी अधिकारी झालो. ब्याण्णवच्या सप्टेंबरमध्ये एका बैठकीसाठी लेहला गेलो होतो. बैठक लवकर संपली म्हणून बाजारात हिंडत होतो. तिथं मोठ्या रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं भाजी घेऊन बसतात. एका बाईकडं सलगम चांगले दिसले म्हणून वाकलो. पैसे काढतोय तोवर तिनं माझं मनगट धरलं.

धरलं म्हणजे गच्च धरलं, नाडी बघतात तसं.

"गरम आहे," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. "नक्शावाले साहेब."

केस पांढरे झाले होते, पुढचे दोन दात पडले होते. पण आवाज तोच. मला तिचं नाव आठवायला एक क्षणही लागला नाही, म्हणजे मी ते कधी विसरलोच नव्हतो.

"यांगडोल," मी म्हणालो.

"तुम्ही जिवंत आहात!" ती ओरडलीच. शेजारच्या बायका वळून पाहायला लागल्या. तिनं मला हाताला धरून आपल्याशेजारी पोत्यावर बसवलं. हसत होती, रडत होती, आणि माझा हात सोडत नव्हती.

"मी... हो. तुम्ही इथं कशा?"

"आम्ही सगळे इथंच आहोत. काही इथं, काही मनालीकडं रस्त्यावर. ताक्सात कोण राहिलंय आता?"

मग तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण ती सांगत गेली, आणि मी ऐकत बसलो.

"नऊच्या नऊ घरं खाली आली, साहेब. म्हातारे नाही म्हणत होते. उन्हाळ्यात खाली जाऊ नये, असं कधी झालं नाही म्हणाले. मी भांडले. म्हटलं, साहेब माझ्या वाटीतून प्यालाय. दहाव्या दिवशी पहाटेपासून चुली पेटल्या. बायकांनी ठेवणीतले दागिने घातले, लग्नात घालतात ते. दुपार झाली, संध्याकाळ झाली. वाटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी एकाला खार्पोला पाठवलं. तो तीन दिवसांनी परत आला. नोर्फेलनं सांगितलं होतं, साहेब तर फाट्यावरून तुमच्याकडंच निघालेत, नदी ओलांडून."

ती थांबली. एका गिऱ्हाइकाला तिनं हातानंच नाही म्हणून सांगितलं.

"मग काय, साहेब. आम्हाला कळलंच. माझा सासरा म्हणाला, माणूस आपल्याकडं येताना नदीत गेला. आता त्याला असाच टाकून वर कसं जायचं? चार दिवस पुरुष नदीत शोधत होते. कमरेएवढं पाणी, बर्फाचं. काठ्यांनी दगडांखाली बघायचे. माझ्या दिराचा पाय तेव्हापासून गेला तो गेलाच. काही सापडलं नाही. मग लामा आणले, तुमचं जे करायचं ते केलं. त्यात आणखी तीन दिवस. वर गेलो तेव्हा मागं गवताची काडी नव्हती. बकऱ्यांनी मुळं उकरून खाल्ली होती."

मी एक सलगम उचलला आणि परत खाली ठेवला.

"त्या हिवाळ्यात बर्फही फार पडला. मार्चपर्यंत दोन हजारांतली तीनशे राहिली. रोज सकाळी ओढून बाहेर टाकायची. पुढच्या ऑक्टोबरात तीनच घरांवर छप्पर चढलं. त्याच्या पुढच्या वर्षी एकावरही नाही. दिवा मात्र लावला हं तुमचा. सासरा होता तोवर दरवर्षी त्या दिवशी तुमच्या नावानं लोण्याचा दिवा लावायचा. तुमचं नाव माहीत नव्हतं. नक्शावाला म्हणायचा."

रस्त्यावरून एक जीप हॉर्न वाजवत गेली. मी सलगमांकडं पाहत होतो.

"नदीनंच नेलं होतं ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

आता खरं सांगायचं, असं मनात आलं. शब्दसुद्धा जुळवले. पण तिचा आवाज उतरला होता, आणि ती माझ्याकडं अशी पाहत होती की ह्या एका उत्तरासाठी ती अकरा वर्षं थांबलीय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"माझा नवरा मानत नाही," ती म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात कुणा ड्रायव्हरनं त्याला सांगितलं की फाट्यावर कुणी उतरलंच नव्हतं. तेव्हापासून तो म्हणतो, तू एका लबाडाच्या शब्दावर सगळं गाव खाली आणलंस. तूच मारलंस ताक्सा. दारू प्याला की म्हणतो, न पिताही म्हणतो. बाकीचे तोंडावर बोलत नाहीत, पण माझ्याकडं चहाला कुणी येत नाही. सांगा ना, साहेब. नदीनंच नेलं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मला माहीत होतं! कुणी काढलं?"

"खालच्या अंगाला मेंढपाळ होते. त्यांनी. शुद्ध नव्हती. मग दवाखान्यात होतो, बरेच दिवस." किती सफाईनं बोललो. तारीखसुद्धा सांगितली असती.

"आणि नाव? आमच्या गावाचं नाव लिहिलंत?"

"लिहिलं."

नाव लिहिलं होतंच. पुढे कंसात काय आहे ते तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तिनं लांब श्वास सोडला. शेजारच्या बाईला तिच्या भाषेत भराभरा काहीतरी सांगितलं, त्या बाईनं दुसरीला सांगितलं, आणि बघता बघता त्या ओळीतल्या चार-पाच बायका माझ्याकडं पाहून माना डोलवू लागल्या. त्याही ताक्साच्याच होत्या, हे मला तेव्हा कळलं. एक म्हातारी उठून आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून परत जागेवर जाऊन बसली.

मी उठलो. म्हटलं, बैठक आहे. यांगडोलही उठली. तिनं पदरासारखं अंगावर घेतलेलं कापड नीट केलं, दोन्ही हात जोडले आणि माझ्यापुढे वाकली.

"साहेब, आमच्या लोकांनी तुम्हाला अकरा वर्षं शिव्या दिल्या. माझ्या नवऱ्यानं तर फार. तुम्ही आमच्यासाठी नदीत उतरलात आणि आम्ही तुम्हाला लबाड म्हटलं. आज घरी जाऊन सांगते सगळ्यांना. पण आधी तुम्ही माफ करा."

"अहो, उठा. असं करू नका."

"नाही. आधी म्हणा."

सगळ्या बायका बघत होत्या. ती वाकलेलीच राहिली.

"केलं माफ," मी म्हणालो.